आधी कलम, मग रक्कम

पुण्याच्या करदात्या नागरिकांस आणि महापालिकेच्या नवनिर्वाचित सभासदांस जाहीर विनंती

विधिमंडळाचे अधिवेशन जवळ आले, मग ते मुंबईस भरो की नागपुरास, की आमच्या शहराचे पुढारी मागण्यांची यादी काखोटीस मारून निघतात. त्या यादीत उड्डाणपूल असतो, मेट्रोचा वाढीव फाटा असतो, नदीकाठाचे सुशोभन असते. परंतु ज्या कायद्याने महापालिकेचे हात बांधले आहेत त्यातील अमुक कलम बदलून द्या, अशी मागणी तीत क्वचितच आढळते. अनुदान दात्याच्या मर्जीने येते आणि त्याच मर्जीने अडते. कायद्याने मिळालेला अखत्यार दरवर्षी पदर पसरून मागावा लागत नाही. म्हणून सरकारकडे प्रथम काय मागावे याचा क्रम मुख्य सभेने नव्याने लावावा, एवढ्यासाठीच हे पत्रक काढीत आहोत.

पहिली मागणी महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, 1949 मधील कलम 451 विषयी. या कलमान्वये महापालिकेचा ठराव राज्य शासन निलंबित करू शकते आणि पुढे, दप्तरी भाषेत, ‘विखंडित’ म्हणजे रद्द करू शकते. या शब्दाचा अर्थ पुणेकरांना कोशात पाहावा लागला नाही. तो त्यांना मिळकतकराच्या बिलाने शिकविला. स्वतःच्या घरात स्वतः राहणाऱ्यास करात 40 टक्के सवलत द्यावी असा ठराव मुख्य सभेने 1970 मध्ये केला आणि तो जवळजवळ अर्धशतक चालला. पुढे लेखापरीक्षणात आक्षेप निघाले, 2019 मध्ये शासनाने सवलत काढून घेतली, आणि 2023 मध्ये मंत्रिमंडळाने ती पुन्हा बहाल केली. मधल्या काळात नोंद झालेल्या घरमालकांनी, आपल्याच घरात आपण राहतो हे सिद्ध करण्यासाठी, सोसायटीचे पत्र आणि शिधापत्रिकेची नक्कल जोडून ‘पीटी-3’ नावाचा अर्ज भरला. घर तेच, राहणारे तेच. एका वर्षी जे अनियमित ठरले ते चार वर्षांनी नियमित झाले, आणि दोन्ही वेळा अखेरचा शब्द शहराचा नव्हता.

यावर कोणी म्हणेल की महापालिका वेडेवाकडे ठराव करीत नाहीत काय? करतात, ते आम्ही नाकारीत नाही, आणि बेकायदा ठराव रोखण्याचा अधिकार कोणाकडे तरी असलाच पाहिजे. परंतु आक्षेप घेणारे शासन, खुलासा मागविणारे शासन आणि निवाडा देणारेही शासनच, ही व्यवस्था न्यायाची नव्हे. विखंडनाचा आधार केवळ कायदेभंग हाच असावा, लोकहिताची व्याख्या मंत्रालयाने करू नये. कारणे प्रसिद्ध व्हावीत, निर्णयास मुदत असावी, आणि अखेरचा निवाडा स्वतंत्र न्यायाधिकरणाने द्यावा, अशी दुरुस्ती आम्हांस हवी आहे.

दुसरी मागणी नियोजनाची. 2021 च्या जूनअखेर वाघोली, मांजरी, सूस आदी 23 गावे महापालिकेत आली, आणि पुढच्याच महिन्यात त्यांच्या नियोजनाचा अधिकार, मुख्यमंत्री ज्याचे अध्यक्ष आहेत त्या पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे देण्यात आला. इमारतीचा नकाशा एकाने मंजूर करावा, आणि ती उभी राहिल्यावर नळ, गटार व कचरा यांसाठी रहिवाशांनी दुसऱ्याच्या दारात उभे राहावे, असा हा कारभार. जो कर वसूल करतो आणि पाणी पुरवितो, त्यानेच नगररचनेचा आराखडा करावा, ही तरतूद प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, 1966 मध्ये निःसंदिग्ध शब्दांत झाली पाहिजे.

तिसरी मागणी निवडणुकीची. मुदत संपण्यापूर्वी निवडणूक पुरी व्हावी असा राज्यघटनेचा आदेश असताना, 2022 च्या मार्चमध्ये सभागृह रिकामे झाले ते 2026 च्या जानेवारीत मतदान होईपर्यंत रिकामेच राहिले, आणि तोवर प्रशासकानेच अंदाजपत्रक मांडावे व त्यानेच ते मंजूर करावे, असे चालले. आरक्षणाचा वाद न्यायालयात होता हे खरे; परंतु त्याच मार्चमध्ये प्रभागरचनेचा अधिकार राज्य निवडणूक आयोगाकडून काढून शासनाकडे घेणारे विधेयक विधिमंडळाने संमत केले, हेही खरे. तो अधिकार आयोगास परत मिळावा.

याच नगरीच्या नगरपालिकेत 1876 पासून जोतीराव फुले सभासद होते. ते लोकांनी निवडलेले नव्हते, परकीय सरकारने नेमलेले होते. तरीही व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांच्या स्वागतावर नगरपालिकेचा पैसा उधळण्यास त्यांनी विरोध केला. नेमलेल्या सभासदास जे साधले ते निवडून आलेल्या 165 सभासदांना साधू नये काय?

तेव्हा नागरिकहो, आपल्या प्रभागातील सभासदांना गाठा, शहरातील आठही आमदारांना लिहा, आणि कलम 451 च्या दुरुस्तीचा ठराव मुख्य सभेपुढे कोण मांडणार व विधानसभेत तो कोण लावून धरणार, एवढेच विचारा. त्याचे सरळ उत्तर मिळेपर्यंत त्यांना उड्डाणपुलाचा विषय काढू देऊ नका.

— एक करदाता पुणेकर