यंत्राची बुद्धी आणि वकिलाची सदसद्विवेकबुद्धी

गोंदिया शहराच्या वेशीवर वसलेल्या मुर्रीसारख्या गावातील एखादा शेतकरी न्यायालयाची पायरी चढतो, तेव्हा त्याच्या कापडी पिशवीत काय असते? सातबाऱ्याचा उतारा, आठ-अ, फेरफाराची नक्कल आणि वडिलांच्या काळातील एखादा पिवळा पडलेला कागद. वकीलपत्रावर तो सही करतो किंवा अंगठा उमटवतो, तेव्हा त्यावरील मजकूर तो क्वचितच वाचतो. तो समोरचा माणूस वाचतो. ‘वकीलसाहेब, आता तुम्हीच बघा,’ एवढेच त्याचे शब्द असतात. या चार शब्दांवर वकिलीच्या व्यवसायाची सारी प्रतिष्ठा उभी आहे.

या विश्वासाच्या नात्यात आता एक तिसरा घटक येऊन बसला आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारी साधने मोबाईलवर फुकट किंवा अल्प शुल्कात मिळू लागली आहेत. नोटिशीचा मसुदा, दाव्याचा गोषवारा, इंग्रजी निकालाचा मराठी अनुवाद, उलटतपासणीचे प्रश्न, सारे काही ती क्षणार्धात पुढ्यात ठेवतात. महानगरांतील मोठ्या कार्यालयांपासून तालुक्याच्या न्यायालयातील बाररूमपर्यंत त्यांचा वापर पोहोचला आहे. प्रश्न यंत्र चांगले की वाईट हा नाही. यंत्राने लिहिलेल्या शब्दाखाली वकील जेव्हा स्वतःची सही करतो, तेव्हा त्या सहीचा अर्थ काय उरतो, हा खरा प्रश्न आहे.

खोटे निवाडे, खरे परिणाम

हा प्रश्न जगापुढे ठळकपणे आला तो २०२३ साली न्यूयॉर्कमध्ये. विमानप्रवासात खाद्यपदार्थांची गाडी गुडघ्याला लागून दुखापत झाल्याचा एक साधा दावा होता. प्रवाशाच्या वकिलांनी ‘चॅटजीपीटी’ची मदत घेऊन पूर्वीच्या निवाड्यांचे दाखले न्यायालयात सादर केले. त्यांतील सहा निवाडे मुळात कधी दिलेच गेले नव्हते. नावे होती, क्रमांक होते, न्यायाधीशांच्या तोंडी घातलेली वाक्येही होती. पण सारे काल्पनिक. गंमत अशी की, ‘हे निवाडे खरे आहेत ना?’ असे वकिलाने त्याच यंत्राला विचारले होते आणि यंत्राने ‘होय’ म्हटले होते. जून २०२३ मध्ये न्यायाधीश केव्हिन कॅस्टेल यांनी त्या वकिलांना व त्यांच्या कार्यालयाला ५,००० डॉलरचा दंड केला.

असे का घडते, हे समजून घेणे अगत्याचे आहे. हे साधन म्हणजे ग्रंथालय नव्हे. कपाटातून ग्रंथ काढून त्यातील पान ते आपल्याला दाखवत नाही. अगणित मजकूर वाचून कोणत्या शब्दापाठोपाठ कोणता शब्द येण्याचा संभव अधिक, हे ते शिकलेले असते आणि त्या अदमासाने वाक्य रचत जाते. म्हणून त्याने रचलेला निवाडा खऱ्या निवाड्यासारखाच दिसतो. यंत्र खोटे बोलत नाही, कारण खरे काय हेच त्याला ठाऊक नसते. त्या मजकुराखाली सही करून तो न्यायासनापुढे ठेवणारा माणूस मात्र खोट्या साक्षीचा वाटेकरी होतो.

हे लोण आपल्याकडेही आले आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या न्या. बी. पी. कुलाबावाला व न्या. अमित जामसंडेकर यांच्या खंडपीठासमोर आयकर विभागाचा एक करनिर्धारण आदेश आला. कंपनीने सुमारे ३ कोटी रुपयांचे उत्पन्न दाखवले होते. विभागाने ते सुमारे २८ कोटींवर नेले होते. त्यासाठी आधार घेतलेले तीन निवाडे अस्तित्वातच नव्हते. न्यायालयाने तो आदेश रद्द केला. अर्धन्यायिक काम करताना यंत्राने पुरवलेल्या निष्कर्षांवर आंधळा विश्वास ठेवता येत नाही, ते वापरण्यापूर्वी पडताळलेच पाहिजेत, अशी समजही दिली. पुढे जानेवारी २०२६ मध्ये याच उच्च न्यायालयाने भाड्याच्या जागेच्या एका वादात, अस्तित्वात नसलेल्या निवाड्याचा आधार घेणाऱ्या पक्षकाराला ५०,००० रुपये खर्चापोटी भरण्यास सांगितले.

करप्रकरणातील ती चूक पकडली गेली, कारण त्या कंपनीकडे उच्च न्यायालयात जाण्याची ऐपत होती. प्रत्येक दाखला उघडून पाहणारे वकील तिच्या दिमतीला होते. मुर्रीच्या शेतकऱ्याच्या दाव्यात असा बनावट दाखला आला, तर तो कोण पकडणार? त्याच्यासाठी गोंदियाहून नागपूर खंडपीठापर्यंतचा प्रवासच केवढा मोठा असतो! यंत्राची चूक सर्वांना सारखी भोवत नाही. दुबळ्याला ती अधिक भोवते. म्हणून पडताळणी हा केवळ व्यावसायिक शिस्तीचा भाग राहत नाही. ते गरिबाप्रती असलेले कर्तव्य ठरते.

विदर्भाच्या दोन न्यायमूर्तींचा इशारा

या विषयात देशाला दिशा देणाऱ्या दोन व्यक्ती विदर्भाच्याच आहेत. नागपूरचे सुपुत्र शरद बोबडे सरन्यायाधीश असताना नोव्हेंबर २०१९ मध्ये न्यायनिर्णयांच्या अनुवादासाठी ‘सुवास’ ही प्रणाली सुरू झाली. एप्रिल २०२१ मध्ये न्यायाधीशांना प्रकरणातील वस्तुस्थिती व कायदा चाळून देणारी ‘सुपेस’ ही प्रणाली त्यांनी सुरू केली. मात्र निर्णयाचे काम यंत्राकडे जाऊ दिले जाणार नाही, हे त्यांनी त्याच वेळी स्पष्ट केले होते. नागपूर खंडपीठापुढे वर्षानुवर्षे वकिली केलेले अमरावतीचे भूषण गवई मे ते नोव्हेंबर २०२५ या काळात सरन्यायाधीश होते. त्या पदावर येण्यापूर्वी, मार्च २०२५ मध्ये नैरोबी येथे बोलताना, यंत्राने रचलेल्या बनावट निवाड्यांच्या धोक्याकडे त्यांनी लक्ष वेधले होते.

एकाने दार उघडले, दुसऱ्याने उंबरठ्यावर सावध केले. या दोन भूमिकांत विसंगती नाही. केरळ उच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये जिल्हा न्यायालयांसाठी जे धोरण जाहीर केले, त्यातही हाच समतोल आहे. मान्यताप्राप्त साधने वापरा, यंत्राने केलेला अनुवाद तपासून घ्या. पण निष्कर्ष, दाद किंवा निकाल यंत्राच्या हाती सोपवू नका, असा त्याचा आशय आहे.

आपल्या मातीचा कायदा

बनावट निवाडा ही उघड चूक झाली. त्याहून सूक्ष्म अशी एक चूक आपल्या भागात संभवते. गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा झाला, हे सर्वांना ठाऊक आहे. पण हा सारा प्रदेश १९५६ पर्यंत मध्य प्रदेशात होता आणि येथील जमिनीच्या कायद्यावर त्या इतिहासाचा ठसा आहे. येथे मालगुजारी होती. ती १९५० च्या कायद्याने संपुष्टात आली. येथील जुन्या अभिलेखांत निस्तार पत्रक आणि वाजिब-उल-अर्ज असे शब्द भेटतात, जे पुण्या-साताऱ्याच्या कागदांत आढळत नाहीत.

कुळकायद्याचेच उदाहरण घेऊ. पश्चिम महाराष्ट्राला १९४८ चा कुळकायदा लागू आहे आणि त्यातील ‘कृषक दिन’ १ एप्रिल १९५७ हा आहे. विदर्भासाठी मात्र १९५८ चा स्वतंत्र कुळकायदा आहे. त्यात कुळाकडे मालकी जाण्याचा महत्त्वाचा दिवस १ एप्रिल १९६१ आहे. ‘महाराष्ट्रातील कुळाचे हक्क सांगा’ असे यंत्राला विचारले, तर ज्या कायद्यावर अधिक लिहिले गेले आहे, त्याकडेच ते झुकण्याचा संभव असतो. उत्तर अस्खलित असेल, कलमेही खरी असतील, पण कायदा दुसऱ्याच मुलखाचा असेल.

‘झुडपी जंगल’ हा असाच आपला शब्द. शब्दशः अनुवाद केला तर झाडाझुडपांची जागा, एवढाच बोध होतो. पण पूर्व विदर्भातील सहा जिल्ह्यांत, म्हणजे नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोलीत, ती महसुली अभिलेखातील एक नोंद आहे आणि हजारो कुटुंबांची घरे व शेती तिच्याशी निगडित आहेत. २२ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने या जमिनी वनजमिनी आहेत असा निर्णय दिला. त्याचबरोबर १२ डिसेंबर १९९६ पूर्वी सक्षम अधिकाऱ्याने दिलेल्या जमिनींसाठी शासनाने केंद्राची मंजुरी मागावी, असा मार्गही दाखवला. ज्या यंत्राचे शिक्षण या निकालापूर्वी थांबले असेल, ते आजही जुनाच सल्ला देईल, आणि तोही तितक्याच आत्मविश्वासाने.

अनुवादाची एक गोष्ट न्यायालयीन वर्तुळात नेहमी सांगितली जाते. अपील करण्यास परवानगी दिली, या अर्थाच्या ‘लीव्ह ग्रँटेड’ या शब्दांचा यंत्राने ‘रजा मंजूर’ असा अनुवाद केला. ऐकताना हसू येते. परंतु ज्याच्या घराचा निर्णय त्या एका ओळीत दडलेला आहे, त्याला हसता येणार नाही.

पक्षकाराचे गुपित

आणखी एक जबाबदारी अशी आहे, जिच्याकडे सहज दुर्लक्ष होते. पक्षकाराने विश्वासाने सांगितलेली गोष्ट त्याच्या स्पष्ट संमतीवाचून वकिलाने उघड करू नये, हा नियम पूर्वी पुरावा अधिनियमाच्या कलम १२६ मध्ये होता. १ जुलै २०२४ पासून तो भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम १३२ मध्ये आहे. काही बेकायदेशीर हेतूंचे अपवाद सोडता, प्रकरण संपल्यावरही हे बंधन सुटत नाही.

आता विचार करा. कौटुंबिक हिंसाचाराने पिचलेल्या एखाद्या भगिनीची कैफियत वकिलाने जशीच्या तशी, नावगावासह, सार्वजनिक स्वरूपाच्या साधनात टाकली आणि ‘याचा अर्ज तयार कर’ असे सांगितले. तो मजकूर दूरच्या कोणत्या यंत्रात साठवला जाईल, किती काळ राहील, कोण वाचेल, यावर त्या वकिलाचा ताबा राहिला का? लैंगिक अत्याचाराच्या पीडितेची किंवा अल्पवयीन मुलाची ओळख गुप्त ठेवण्याबाबत तर कायदा अत्यंत कडक आहे. शेजाऱ्याला जे आपण सांगणार नाही, ते यंत्राला सांगण्यापूर्वीही थांबले पाहिजे. नावे, गावे, सर्व्हे क्रमांक व ओळख पटवणारा तपशील वगळूनच साधन वापरणे, आणि शक्य तेथे पक्षकाराला आधी विचारणे, हा किमान शिष्टाचार आहे.

दुसरी बाजू

या चर्चेत न्यायाने दुसरी बाजूही मांडली पाहिजे. जिल्ह्याच्या ठिकाणी काम करणाऱ्या तरुण वकिलाकडे महागड्या ग्रंथमाला नसतात, हाताखाली कनिष्ठ नसतात. इंग्रजी निकालांचा ढीग उपसताना त्याची रात्र सरते. यंत्राने त्याचे चार तास वाचवले आणि ते त्याने पक्षकाराचे म्हणणे ऐकण्यात घालवले, तर त्यात गैर ते काय? उलट आजवर मोठ्या कार्यालयांपुरते मर्यादित राहिलेले साहाय्य गरिबाच्या वकिलालाही लाभेल. अमेरिकेतील वकिलांच्या राष्ट्रीय संघटनेने जुलै २०२४ मध्ये दिलेल्या मार्गदर्शक मतातही साधनांना मनाई नाही. साधनाच्या मर्यादा जाणून घ्या, गुप्तता राखा, काम तपासा आणि न लागलेल्या वेळेचे शुल्क आकारू नका, असे त्यात सांगितले आहे.

आपल्याकडे अधिवक्ता अधिनियम १९६१ आणि भारतीय विधिज्ञ परिषदेचे आचारनियम हे यंत्राच्या आधीचे आहेत. तरीही ते अपुरे नाहीत. न्यायालयाची दिशाभूल करू नये आणि पक्षकाराचे हित निर्भयपणे जपावे, ही त्यांतील शिकवण साधन बदलल्याने बदलत नाही. कलम ३५ नुसार गैरवर्तन सिद्ध झाल्यास ताकीद, निलंबन, प्रसंगी सनद रद्द होण्यापर्यंत शिक्षा होऊ शकते. ‘यंत्राने लिहिले होते’ ही सबब तेथे चालणार नाही. कारकुनाने टंकलेखनात चूक केली, असे म्हणून पूर्वी तरी कोण सुटत होते?

ख्रिस्तसभेनेही या विषयाकडे आस्थेने पाहिले आहे. व्हॅटिकनने २८ जानेवारी २०२५ रोजी प्रसिद्ध केलेल्या ‘अँतिक्वा एत नोवा’ या दस्तऐवजाचा भर याच मुद्द्यावर आहे, की साधन कितीही प्रगत असो, नैतिक जबाबदारी माणसाचीच राहते. मे २०२५ मध्ये निवडून आल्यावर पोप लिओ चौदावे यांनी आपल्या नावाची निवड स्पष्ट करताना, १८९१ मध्ये कामगारांच्या प्रश्नावर बोलणाऱ्या तेराव्या लिओंची आणि आजच्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या आव्हानाची सांगड घातली होती. वकिलांचे आश्रयदाते मानले जाणारे तेराव्या शतकातील संत इव्हो ‘गरिबांचे वकील’ म्हणून ओळखले जात, हेही येथे आठवावे.

आपण काय करावे?

वाचकहो, आपल्यापैकी बहुतेक जण वकील नाहीत. पण कधी ना कधी पक्षकार होण्याची वेळ कोणावरही येते. अशा वेळी काही गोष्टी नम्रपणे विचारण्यास संकोच करू नये. माझे कागद कोणत्या साधनात टाकणार का? माझ्या अर्जातील दाखले मूळ निकालातून वाचून घेतले आहेत का? मराठी अनुवाद कोणी तपासला? चांगल्या वकिलाला या प्रश्नांचा राग येणार नाही. मोबाईलवरील यंत्राला विचारून स्वतःच नोटिशीचे उत्तर लिहिण्याचा मोहही टाळावा. महिला, बालके, अनुसूचित जाती-जमातींचे बांधव तसेच अल्प उत्पन्न गटातील व्यक्ती यांना १९८७ च्या कायद्यानुसार मोफत विधी साहाय्य मिळण्याचा हक्क आहे. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात किंवा १५१०० या क्रमांकावर त्याची चौकशी करता येते. तेथे आपले म्हणणे ऐकायला माणूस असतो.

वकील बंधुभगिनींना एकच विनंती. रात्री यंत्राने तयार करून दिलेला मसुदा सकाळी सही करण्यापूर्वी एकदा तरी त्या माणसाचा चेहरा डोळ्यांसमोर आणून वाचावा, ज्याने कापडी पिशवी आपल्या मेजावर ठेवून म्हटले होते, ‘वकीलसाहेब, आता तुम्हीच बघा.’ त्याने बघायला यंत्राला सांगितले नव्हते.