हौसेची मजुरी

"काकू, या सगळ्याला एकूण किती तास लागले हो?"

पुतणीनं हे विचारलं तेव्हा मी गच्चीवर सोऱ्या दाबत होते. सकाळचे सात वाजले होते. चीक गरम असतानाच कुरडया घालाव्या लागतात, नाहीतर तार तुटते, त्यामुळे तळहात लालबुंद झालेले. मी म्हटलं, "अगं, तास कसले मोजतेस? वाळवण आहे हे, नोकरी नाही!" पण पोरगी कॉमर्सला. ती खाली गेली, एक अर्धी कोरी वही घेऊन आली आणि त्या शनिवार-रविवारी आमच्या घरात जे जे झालं ते वेळेसकट लिहीत बसली. मैत्रिणींनो, त्या वहीनं माझी झोप उडवली आहे.

आमच्याकडे एप्रिलचा शेवटचा शनिवार-रविवार वाळवणाचा. नगरच्या उन्हाचं मी काय सांगायचं! (२०२४ पासून अहिल्यानगर झालं, पण आमच्या जिभेला अजून सवय व्हायची आहे.) पारा चाळिशी ओलांडतो, नळाला दिवसाआड पाणी, आणि नेमकी याच दिवसांत बायकांची धांदल. मंगळवारी रात्री आठ किलो गहू भिजत घातले. रोज पाणी बदललं. शुक्रवारी संध्याकाळी मी, सासूबाई आणि केडगावहून आलेल्या जाऊबाई, तिघींनी ते वाटले, फडक्यातून गाळले, चोथा वेगळा काढला. रात्रभर चीक खाली बसला. शनिवारी पहाटे साडेचारला वरचं पाणी निथळून, पातेल्यात तेवढंच पाणी उकळून, मीठ-हिंग घालून चीक शिजवायला घेतला. एकीनं ओतायचा, दुसरीनं ढवळायचा, गाठ होता कामा नये. शिजला की तो काचेसारखा चकाकायला लागतो. पोरं वाट्या घेऊन तयारच असतात, गरम चीक आणि वर तेलाची धार. त्या वासानं माझं निम्मं बालपण परत येतं, ते मी नाकारत नाही.

साडेआठला कुरडया संपल्या. गव्हाचं आंबूस पाणी मी दोन बादल्या साध्या पाण्यात मिसळून परसातल्या दोडक्याला आणि मिरच्यांना घातलं, चोथा शेजारच्या गोठ्यात गेला. उन्हाळ्यात आमची बाग अशीच जगते. तांदूळ धुतलेलं पाणी, भाज्यांचं पाणी, मोरीच्या कडेला अळू. चार वाफ्यांची ती बाग, पण मे महिन्यात बाजारात गवार हातात धरवत नाही तेव्हा तीच घर चालवते.

रविवारी पहाटे बाजरीच्या खारोड्या. लसूण, तीळ, तिखट घालून भरडा शिजवायचा आणि ओल्या कापडावर बोटांनी बारीक बारीक तोडून टाकायचा. पावसाळ्यात कच्च्या शेंगदाण्यांबरोबर खाऊन बघा, मग तुम्हाला नगर कळेल. दुपारी पाच किलो कैरीचं लोणचं. संध्याकाळी ऊन उतरल्यावर दोडक्याचा नवा मांडव बांधला आणि वाळलेल्या शेंगांतून वालाचं बी काढून राखेत घोळवून ठेवलं. या सगळ्यात घरात अकरा माणसं, त्यांचा चहा, नाश्ता, दोन वेळचं जेवण. ते काही थांबत नाही.

रविवारी रात्री पुतणीनं वही वाचून दाखवली. कुरडया: शुक्रवारी तिघींचे दोन-दोन तास, शनिवारी चौघींचे चार-चार तास (चौथी स्वतः ती, लिहिता लिहिता सोऱ्यालाही हात लावत होती), उलटणं-काढणं-भरणं दोन तास, एकूण चोवीस. खारोड्या नऊ. लोणचं सात. बाग तीन. स्वयंपाक चौदा. बेरीज सत्तावन्न तास. त्याखाली वेगळी रेघ मारून तिनं लिहिलं होतं, "काका: कैऱ्या आणणे चाळीस मिनिटे, कावळे हाकणे (पेपर वाचत) दीड तास."

सगळे पोट धरून हसले. आमचे 'हे'ही हसले. मग म्हणाले, "पण तुम्ही हौसेनं करता की! कुणी सांगितलंय का?"

हा 'हौस' शब्द मला तेव्हापासून टोचतो आहे. आवडीनं करतो हे खरंच आहे. पण आवडीनं केलेल्या कामाला काम म्हणायचं नाही, हा नियम कुणी केला? गावातला गवई आवडीनंच गातो, त्याला बिदागी देताना आपण 'हौस' म्हणत नाही. केंद्र सरकारनं २०२४ मध्ये लोक दिवसाचा वेळ कशात घालवतात याची देशभर पाहणी केली. घरच्यांसाठी बिनपैशाची घरकामं करणाऱ्या बायका त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं घालवतात आणि जे पुरुष अशी कामं करतात ते ८८ मिनिटं, असं त्यात दिसलं. आणि सरकारच्याच रोजगाराच्या पाहणीत या बाईची नोंद 'घरकाम करणारी' अशी होते. कामकरी माणसांच्या मोजणीत ती धरली जात नाही. म्हणजे आमचे सत्तावन्न तास देशाच्या लेखी शून्य!

घरच्या वाळवणाचं एक वेळ सोडून देऊ. आपण खातो, आपली लेकरं खातात. पुण्याला नोकरी करणारी माझी लेक फोनवर म्हणते, "आई, सगळं विकत मिळतं गं, कशाला उन्हात मरतेस?" आणि दिवाळीला आली की डबे भरून नेते. ते चालायचंच. माझी झोप उडाली ती दुसऱ्याच गोष्टीनं.

आमचा बारा जणींचा बचत गट आहे. उन्हाळ्यात आम्ही कुरडया, पापड, सांडगे करून विकतो. भाव मीच ठरवलेला, २६० रुपये किलो कुरडई. रविवारी रात्री सगळे झोपल्यावर ती वही घेऊन मी गटाचा हिशोब मांडला. आठ किलो गव्हाच्या चार किलो कुरडया झाल्या. म्हणजे एका किलोला सहा तास. गहू, गॅस, हिंग, पिशवी धरून किलोला शंभर रुपये खर्च. उरले १६०. भागिले सहा. तासाला सत्तावीस रुपयेसुद्धा नाहीत! आमच्या भागात कांदा काढायला गेलेली बाई दिवसाला तीनशेच्या पुढे घेते. आणि गेल्याच आठवड्यात एक ओळखीच्या बाई, चांगल्या शिकलेल्या, माझ्याशी भांडून २२० ला मागत होत्या. "घरचंच तर आहे, तुम्हाला काय पडतं?" मी २४० ला देऊन टाकल्या होत्या, वर पाव किलो सांडगे. उदार झाले होते मी! पण कुणाच्या जिवावर? गटातली जी बाई पहाटे तीनला उठून चीक शिजवते, जिला गेल्या वर्षी दुपारच्या उन्हात चक्कर येऊन गच्चीवरून खाली आणावं लागलं, तिच्या जिवावर. बी. ए. झालेली, सभांमधून स्त्रियांच्या श्रमावर बोलणारी मी, आणि मजुरीचा रकानाच माझ्या वहीत नव्हता. मालाचा होता, गॅसचा होता, रिक्षाचा होता.

सकाळी सासूबाईंना हे सांगितलं. त्या पारनेर तालुक्यातल्या. १९७२ च्या दुष्काळात नव्या नवरीच्या हातांनी त्यांनी खडी फोडली आहे. त्या शांतपणे म्हणाल्या, "दुष्काळात हातावर पहिल्यांदा पैसं पडलं. दगड फोडल्याचं. कुरडया तर त्याच्या आधीपास्नं करत होते, त्याचं कधी पडलं न्हाई." एवढं बोलून त्या लसूण सोलायला बसल्या. मी मात्र बराच वेळ तिथंच उभी.

असं नाही की बाईच्या या कामाला मोल लावून कुणी दाखवलंच नाही. १९५९ साली गिरगावातल्या सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन गच्चीवर पापड लाटायला सुरुवात केली. त्याचंच पुढं 'लिज्जत' झालं. त्यातल्या जसवंतीबेन पोपट यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. लिज्जतचं कौतुक सगळेच करतात, मला त्यातली एकच गोष्ट मोठी वाटते. बाई सकाळी पीठ घरी नेते, पापड लाटून परत आणते आणि तिला किलोवर लाटण्याची मजुरी मिळते. 'हौस' हा रकाना तिथं नाहीच.

आणि लांब कशाला जायचं? आपल्याच जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावात राहीबाई पोपेरे आहेत. शाळेची पायरी न चढलेली बाई. घरातलं लेकरू आजारी पडलं ते फवारणीच्या भाजीनं, असं त्यांच्या मनानं घेतलं आणि परसात जुन्या वाणांचं बी लावायला, जपायला सुरुवात केली. वाल, घेवडा, भात, रानभाज्या. पुढं बायफ संस्थेची साथ मिळाली, घरात बीज बँक उभी राहिली, २०२० ची पद्मश्री जाहीर झाली. आता पुढारी तिथं जाऊन फोटो काढतात. पण विचार करा, पद्मश्रीच्या आधी हे काम काय होतं? बाई परसात काहीतरी लावते, मडक्यात बी ठेवते. हौस! आपल्या प्रत्येकीच्या आजीनं हेच केलं. राखेत घोळवलेलं वालाचं बी माझ्या सासूबाईंकडून मला आलं, त्यांना त्यांच्या सासूकडून. बाजारातल्या पाकिटातलं संकरित बी पुन्हा पेरून तसंच पीक येत नाही, दरवर्षी नवं पाकीट आणावं लागतं. या वालाला आमच्या घरात आजवर एक रुपयासुद्धा लागलेला नाही. ही बचत कुठल्या पासबुकात लिहायची?

हल्ली शहरात 'होममेड'ची फॅशन आली आहे. मोबाइलवर वाळवणाचे सुंदर व्हिडिओ फिरतात, नऊवारीतल्या आजी, पितळी पातेली, मागे बासरी. बघायला छानच वाटतं. पण त्या व्हिडिओत चटका कुणाला बसत नाही आणि शेवटी भांडी घासताना कुणी दिसत नाही.

"हिशोब केला की चव जाते," असं जाऊबाईंचं मत पडलं. मी त्यावर खूप विचार केला, कारण त्यांचं सगळंच चूक नाही. घरात प्रत्येक गोष्टीला किंमत लावत बसलं तर माणूस चहा द्यायलाही कचरेल. मला घरच्यांकडून मजुरी नको आहे. मला त्यांनी पहाटे साडेचारला उठून पातेलं उतरवायला यायला हवं आहे. पुढच्या वर्षी गहू कमी भिजतील किंवा हात वाढतील, दोन्हीपैकी एक. तसं मी जाहीर केलं आहे. 'हे' म्हणाले, "बघू." बघू म्हणजे काय ते आपण सगळ्या जाणतो.

गटाच्या बाबतीत मात्र 'बघू' चालणार नव्हतं. बुधवारच्या बैठकीत मी वही सगळ्यांपुढे ठेवली. तासाला चाळीस रुपये मजुरी धरली तर भाव ३४० होतो. मला वाटलं होतं बायका खूश होतील. उलट दोघी माझ्यावरच चिडल्या. "ताई, तुमचं बरं आहे. गिऱ्हाईक तुटलं तर जूनमध्ये पोरांच्या वह्या-पुस्तकांचं काय?" त्या बोलल्या ते खरं होतं. बऱ्याच वादावादीनंतर ३४० ठरला, सकाळी नऊनंतर कुणी उन्हात काम करायचं नाही हेही ठरलं. दोन ऑर्डरी लगेच रद्द झाल्या. त्यातली एक त्या शिकलेल्या बाईंची. बाकीच्यांनी कुरकुर करत का होईना, पैसे दिले. जूनपर्यंत काय होईल ते आज मला सांगता येणार नाही, आणि त्या दोघींच्या नजरेला नजर देताना मला अजून जड जातं.

अवकाळीची भीती वेगळीच. २०२५ च्या मे महिन्यात पावसानं जे झोडपलं, त्यात किती गच्च्यांवरची वाळवणं गेली असतील! त्या रविवारीही रात्री आभाळ भरून आलं. सगळ्यांनी धावत वर जाऊन कापडं गुंडाळली. 'हे'सुद्धा आले. पुतणीनं लगेच वहीत लिहिलं, "काका: दहा मिनिटे." पाऊस आलाच नाही, वारा आला आणि ढग निघून गेले.

सोमवारी सकाळी ती वही घेऊन तिच्या घरी जायला निघाली तेव्हा सासूबाईंनी तिला दारात थांबवलं.

"रात्री दोनदा उठून आभाळ बघितलं मी. ते लिवलंस का?"