सूसच्या टेकडीचा हिशेब सोपा, पण नेमका हवा

प्रति,
मा. मुख्य वनसंरक्षक (प्रादेशिक), पुणे

सूस २०२१ मध्ये पुणे महापालिकेत आलं. इमारती टेकड्यांना भिडल्या आहेत. उरलेल्या उतारांवर तीस वर्षांनी काय असेल, हे लागवडीच्या आकड्यांवरून कळत नाही. २०१९ मध्ये राज्याने ३३ कोटी रोपांचं उद्दिष्ट ठेवलं होतं. पण रोपं मोजणं वेगळं आणि रान कसं बदलेल हे मांडणं वेगळं.

असं मांडणारी संगणक प्रारूपं पन्नास वर्षांपासून आहेत. अमेरिकेतल्या हबर्ड ब्रूक जंगलासाठी १९७२ मध्ये प्रसिद्ध झालेलं 'जाबोवा' छोट्या तुकड्यातल्या एकेका झाडाची वाढ आणि मरण वर्षागणिक मोजत जाई. पुढे प्रत्येक झाडाची नेमकी जागा आणि तिथून पडणारी सावलीही हिशेबात आली, गणित अवजड झालं. २००८ मध्ये स्ट्रिगुल, पकाला आदी संशोधकांनी ते हलकं केलं: शेंडे उजेडाकडे झुकतातच, तेव्हा जागा विसरा, उंचीच्या क्रमाने उजेड वाटा.

ही युक्ती सूसला जशीच्या तशी चालणार नाही. विरळ झाडीच्या या टेकड्यांवर ओढाताण उजेडापेक्षा उथळ मातीची आणि पाण्याची आहे; त्यात वणवा आणि चराई. हिशेबातून काय गाळायचं हे इथल्या रानानेच ठरवायला हवं.

चुकीचं सोपेपण आपल्याकडे आहेच. भारतीय वन सर्वेक्षणाच्या व्याख्येत एक हेक्टरवर दहा टक्के छत्र असलं की ते वनाच्छादन. मग तिथे गिरिपुष्पाची एकसुरी लागवड असो की खैर, पळस, सालई. गवताळ माळ तर मोजणीतच नाही. देशाच्या नकाशाला हे चालेल, टेकडीच्या नियोजनाला नाही.

म्हणून विनंती अशी: उतारांचे गवत, झुडूप, गिरिपुष्प आणि मिश्र रान असे चार प्रकार करा. प्रत्येकात कायमचे तुकडे आखा. मुदुमलाईच्या जंगलात भारतीय विज्ञान संस्थेने १९८८ मध्ये ५० हेक्टरचा असा तुकडा आखला. इथे छोटे तुकडेही सुरुवातीला पुरेत. झाडांची जात, छातीच्या उंचीवरचा घेर, जिवंत की मेलं आणि वणव्याचं वर्ष नोंदवा. पाच वर्षांत कोणत्या प्रकाराचा किती भाग कशात बदलला, ते प्रमाण पुढे लावत गेलं की साध्या तक्त्यातही तीस वर्षांचा अंदाज निघतो. वणव्यासह आणि वणव्याविना, असे दोन अंदाज काढा. शेजारी पाषाणला आयसर ही विज्ञान संस्था आहे. तिथल्या अभ्यासकांना बोलवा.

पुढची लागवड या हिशेबानंतरच ठरवा आणि हिशेब मराठीत जाहीर करा, म्हणजे आम्हालाही तो तपासता येईल.

आपला,
सूसचा एक रहिवासी