शब्दकोडे सोडवा, पण औषध समजून नको

"डॉक्टर, मी रोज मोबाईलवर इंग्रजी शब्दांचे कोडे सोडवतो. आता मला विसरभोळेपणा होणार नाही ना?" साठी ओलांडलेले अनेक रुग्ण हा प्रश्न विचारतात. काही घरांत तर मुले आईवडिलांना असे ॲप डाउनलोड करून देतात आणि रोज किती गुण मिळाले यावर लक्ष ठेवतात. अशा कोड्यांना माझा मुळीच विरोध नाही. पण त्यांच्याकडून जी अपेक्षा ठेवली जाते, ती चुकीची आहे असे माझे स्पष्ट मत आहे.

कोडे सोडवताना मेंदू काय करतो?

समजा, टी, ई, ए, आर ही चार अक्षरे दिली आणि ती ज्यात येतात असे इंग्रजी शब्द शोधायला सांगितले. 'रेट', 'टिअर' लगेच सुचतात. थोडा विचार केला की 'वॉटर', 'हार्ट', 'थिएटर' सापडतात. यासाठी मेंदूला तीन कामे करावी लागतात: अक्षरे डोक्यात धरून ठेवणे, आयुष्यभर साठवलेल्या शब्दांत शोध घेणे आणि चुकीचे शब्द बाजूला सारणे. पहिल्या आणि तिसऱ्या कामात मेंदूच्या पुढच्या भागाचा मोठा वाटा असतो.

वय वाढले तरी शब्दसंग्रह सहसा कमी होत नाही. कमी होतो तो शब्द बाहेर काढण्याचा वेग. त्यामुळे एखादा शब्द ओठांवर येऊन अडला आणि थोड्या वेळाने आठवला, तर घाबरू नका.

सराव ज्याचा, सुधारणा त्याची

न्यूझीलंडचे नायजेल रिचर्ड्स हे स्क्रॅबल या शब्दखेळातले जगज्जेते. 2015 साली त्यांनी फ्रेंच भाषेतल्या स्क्रॅबलची जागतिक स्पर्धा जिंकली, आणि त्यांना फ्रेंच बोलता येत नव्हते! काही आठवडे शब्दकोश पाठ करून ते स्पर्धेत उतरले होते. म्हणजे अक्षरे जुळवण्याचे कौशल्य वेगळे आणि भाषा येणे वेगळे.

कोड्यांचेही तसेच आहे. अमेरिकेत 2,800 हून अधिक ज्येष्ठांवर 'ॲक्टिव्ह' नावाचा मोठा अभ्यास झाला. त्याचे पहिले निष्कर्ष 2002 साली प्रसिद्ध झाले. एका गटाला स्मरणाचे, दुसऱ्याला तर्काचे, तर तिसऱ्याला वेगाने माहिती टिपण्याचे खास प्रशिक्षण दिले होते. ज्याने जे शिकले, त्यात तो सुधारला. पण एका कौशल्याचा फायदा दुसऱ्या कौशल्यात फारसा उतरला नाही. म्हणून रोज शब्द शोधणारा माणूस शब्द शोधण्यात तरबेज होतो. बीपीची गोळी घेतली की नाही, हे त्याला त्यामुळे अधिक चांगले आठवेल असे नाही.

गुणांवरून निदान करू नका

अक्षरावरून शब्द सांगणे ही डॉक्टरांचीही एक चाचणी आहे. 'मोका' या प्रसिद्ध तपासणीच्या इंग्रजी आवृत्तीत 'एफ' या अक्षराने सुरू होणारे शब्द एका मिनिटात सांगायचे असतात. 11 किंवा जास्त सांगितले तर एक गुण मिळतो. पण हा पूर्ण तपासणीचा एक छोटा भाग आहे. शिवाय अल्झायमरच्या सुरुवातीला बऱ्याचदा अक्षरावरून शब्द सांगण्यापेक्षा प्राण्यांची नावे सांगण्यासारखी कामे जास्त अवघड जातात.

त्यात भाषेचा प्रश्न आहेच. ज्या आजींचे सारे आयुष्य मराठीत गेले, त्यांना इंग्रजी शब्द सुचले नाहीत तर तो आजार नव्हे. त्यांना भेंड्या खेळायला बसवा, 'म' आल्यावर काय गाणी निघतात ते पाहा! मेंदूला चालना द्यायची असेल तर ती ज्या भाषेत माणूस विचार करतो, त्या भाषेत द्यावी. आईवडिलांवर इंग्रजी कोडी लादून त्यांना "तुला हे पण येत नाही?" असे ऐकवणे मला क्रूरपणाचे वाटते.

मग विस्मरण टाळण्यासाठी काय?

'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने 2024 साली डिमेन्शियाची 14 टाळता किंवा आटोक्यात ठेवता येण्याजोगी कारणे सांगितली. या सर्वांवर काम केले तर जगातले सुमारे 45 टक्के डिमेन्शिया टाळता किंवा पुढे ढकलता येईल, असा त्यांचा अंदाज आहे. त्यांत उच्च रक्तदाब, मधुमेह, वाढलेले एलडीएल कोलेस्टेरॉल, धूम्रपान, अतिमद्यपान, व्यायामाचा अभाव, नैराश्य, एकटेपणा, कमी ऐकू येणे आणि उपचार न केलेली कमी दृष्टी यांचा समावेश आहे.

ही यादी पाहिली की माझी खरी चिंता कळेल. एक तास एका जागी बसून कोडे सोडवायचे, पण चालायला जायचे नाही. कानाचे यंत्र 'म्हातारपण दिसते' म्हणून कपाटात ठेवायचे. शुगर सहा महिने तपासायची नाही. असा हिशेब तोट्याचाच आहे.

डॉक्टरांकडे कधी जावे?

• नेहमी कोडे सहज सोडवणाऱ्याला काही महिन्यांत ते जमेनासे झाले तर.
• बोलताना साध्या वस्तूंची नावे वारंवार अडू लागली, तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला जाऊ लागला, पैशांचे व्यवहार चुकू लागले तर. बी-12 ची कमतरता, थायरॉईड, नैराश्य किंवा झोपेच्या गोळ्या यांमुळेही असे होते आणि त्यावर उपाय असतो.
• अचानक बोलणे अडखळले, शब्द भलतेच येऊ लागले, तोंड वाकडे झाले किंवा हातपाय लुळे पडले तर तो पक्षाघात असू शकतो. थांबू नका, ताबडतोब मोठ्या रुग्णालयात जा. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारणपणे पहिल्या साडेचार तासांतच देता येते.

थोडक्यात, कोडे आवडते म्हणून जरूर सोडवा. जमल्यास नातवंडांना शेजारी घेऊन सोडवा, म्हणजे गप्पाही होतील. पण त्याआधी अर्धा तास चालून या, आणि बीपीची गोळी घेतली ना, ते पाहा.