प्रवासाचे दप्तर

प्रवासाहून परतलेल्या मनुष्याच्या खिशांत आणि पिशवीच्या तळाशी जे चिठोरे सापडतात, म्हणजे फेरीबोटीचे तिकीट, धर्मशाळेची पावती, मिठाईवाल्याचा छापील कागद किंवा कोणा सद्‌गृहस्थाने पाठकोऱ्यावर काढून दिलेला वाटेचा नकाशा, त्यांना दुसऱ्याच दिवशी केराची टोपली दाखवावी आणि देवळाच्या दारात विकत घेतलेली, भलत्याच शहरातील साच्यातून निघालेली मूर्ती मात्र दिवाणखान्यात मांडावी, हा व्यवहार मला सर्वस्वी उफराटा वाटतो. मूर्ती कोणालाही मिळते. तिकीट ज्याने प्रवास केला त्याचेच असते.

या विषयाकडे माझे लक्ष वेधले ते उत्तर कोलकात्यातील बागबाजाराने. हुगळीच्या काठच्या या वस्तीत मुरमुरे, चणे, भजी असा फुटकळ माल रद्दीच्या ठोंग्यात, म्हणजे चिकटवलेल्या कागदी पिशवीत, घालून देण्याची जुनी रीत आहे. आमच्याकडील वाण्याची शंकूच्या आकाराची पुडी दोऱ्याच्या वेढ्यांवर विसंबते आणि सोडली की आडवी होते. ठोंगा मात्र आपल्या बुडावर उभा राहतो, हे त्याचे वैशिष्ट्य. वर्तमानपत्राचा ताव घडीवर फाडायचा, त्याची चपटी नळी करून कडेवरून मैद्याच्या खळीचे बोट फिरवायचे, तळाचे कोपरे त्रिकोणी मुडपून त्यांवर उरलेली पट्टी चिकटवायची, एवढीच कृती. पण ज्या घरी मी उतरलो होतो तेथील वृद्ध माशीमांचे, म्हणजे मावशींचे, हात ती करताना पाहिले म्हणजे घडी सरळ येणे ही काय चीज आहे ते कळते. खळ पातळ झाली तर कागद फुगतो आणि दाट झाली तर घडी मोडते, असे त्या मला पुनःपुन्हा बजावीत. ज्या वस्तीत ‘अमृत बाजार पत्रिका’ या वृत्तपत्राचे बिऱ्हाड दीर्घकाळ होते, आणि देशी भाषांतील वृत्तपत्रांच्या मुस्कटदाबीचा कायदा १८७८ साली होताच जी पत्रिका एका रात्रीत संपूर्ण इंग्रजी झाली, त्या वस्तीत छापील कागदाचा शेवट असा उपयोगी व्हावा यात मला औचित्य दिसते. याच वस्तीतील बोसपाडा गल्लीत १८९८ साली भगिनी निवेदितांनी मुलींची शाळा काढली आणि तीत लेखन-वाचनाच्या बरोबरीने चित्रकला व शिवणकाम यांनाही मानाचे स्थान दिले, हेही येथे सांगितले पाहिजे.

मराठी प्रवाशाला बागबाजारात आणखी एक स्थळ शोधावेसे वाटते. नागपूरकर भोसल्यांच्या फौजा बंगाल्यात शिरल्या तेव्हा कलकत्त्याच्या रहिवाशांनी १७४२ साली आत्मरक्षणार्थ जो खंदक खणावयास घेतला, त्याचे उत्तरेकडील टोक येथेच होते. फौज शहरापर्यंत आली नाही, खंदक अर्धवट राहिला, आणि कालांतराने तो बुजवून त्याच्या बऱ्याच भागावर सर्क्युलर रोड झाला. आज ‘मराठा डिच लेन’ एवढे गल्लीचे नाव त्याची साक्ष देते. अशा स्थळाची कोणती निशाणी बाजारात विकत मिळणार? मी गल्लीच्या पाटीवरील अक्षरे एका दुकानाच्या पावतीमागे जशीच्या तशी उतरून घेतली आणि खाली तारीख घातली. त्या सबंध प्रवासात मला त्याहून मोलाची वस्तू मिळाली नाही.

तारखेचा आग्रह मी मुद्दाम धरतो. इतिहासाचार्य राजवाडे, वासुदेवशास्त्री खरे आणि रियासतकार सरदेसाई यांना बिनतारखेच्या पत्रांचा काळ ठरविण्यासाठी केवढे परिश्रम करावे लागले, आणि किती घराण्यांची दप्तरे रद्दीच्या भावाने वाण्याकडे गेली, हे ज्याला ठाऊक आहे तो आपल्या तिकिटाच्या पाठीवर दिवस, ठिकाण आणि सोबत कोण होते एवढा मजकूर शिसपेन्सिलीने लिहिल्यावाचून राहणार नाही.

आता हे चिठोरे ठेवायचे कशात? पयला बैशाखला, म्हणजे बंगाली वर्षाच्या पहिल्या दिवशी, हालखात्याच्या म्हणजे नव्या हिशेबवहीच्या निमित्ताने बंगाली दुकानदार गिऱ्हाइकांना मिठाईचा पुडा आणि भिंतीवरच्या दिनदर्शिकेची गुंडाळी देतात. वर्ष सरले की ती दिनदर्शिका रद्दी होते. माशीमांनी मला तिचेच एक जाड, गुळगुळीत, पाठीमागून कोरे असलेले पान दिले. ते आडवे धरून खालचा तिसरा हिस्सा वर दुमडावा, मग सबंध कागदाला पंख्यासारख्या उलटसुलट घड्या घालाव्यात, दोन्ही टोकांना खळ लावावी आणि प्रत्येक घडीवर खिशाच्या तोंडाशी दोऱ्याचा एक टाका घ्यावा, म्हणजे शेजारी शेजारी खिसे तयार होतात. मिठाईच्या खोक्याचे झाकण कापून त्याचे दोन पुठ्ठे वरखाली चिकटवावेत. झाकणच घ्यावे, तळ घेऊ नये. तळात पाक मुरलेला असतो आणि त्याला मुंग्या लागतात. चिकटवलेले सारे रात्रभर जड ग्रंथाखाली दडपून ठेवले की पुठ्ठा वाकत नाही. खोक्यावरची सुतळी हे दप्तर गुंडाळण्याच्या कामी येते.

आतील खिशांना वर्तमानपत्राचा कागद मात्र वापरू नये. लाकडाच्या लगद्याचा तो कागद उजेडाने व हवेने पिवळा पडतो, आणि त्यातील आम्लाचा डाग शेजारच्या तिकिटावर उतरतो. ठोंगा जपायचा असेल तर त्याला स्वतंत्र कोऱ्या लखोट्यात घालावे. खळीला कसर लागू नये म्हणून जुने बांधणीवाले तीत मोरचूद घालीत, पण ते विषारी असल्याने लहान मुले असलेल्या घरात त्या वाटेला जाऊ नये. खळ अगदी थोडी लावावी आणि पावसाळा सरल्यावर दप्तर एकदा सावलीत उघडून ठेवावे. हल्ली यंत्रातून निघणाऱ्या चकचकीत पावत्यांवरील अक्षरे उष्णतेने उमटवलेली असतात आणि काही काळाने आपोआप उडून जातात, यास्तव तसली पावती घरी येताच तिचा मजकूर जाड कागदाच्या तुकड्यावर हाताने उतरून घ्यावा आणि तो तुकडा तिच्याच खिशात ठेवावा.