घरातील खेळयंत्र आणि दिल्लीची हवा

दिवाळी उलटली की दिल्ली आणि तिच्या भोवतालची नोएडा, गाझियाबाद, गुरुग्राम, फरीदाबाद ही नगरे धुरकट धुक्याने झाकोळून जातात. वारा मंदावतो, जमिनीलगतची थंड हवा वरच्या उबदार थराखाली कोंडली जाते, आणि वाहनांचा धूर, बांधकामांची धूळ व शेतांत जाळलेल्या पेंढ्याचा धूर तिच्यातच साठून राहतो. 2017, 2019 व 2024 या वर्षी नोव्हेंबर महिन्यात शाळांचे प्रत्यक्ष वर्गदेखील बंद ठेवावे लागले होते. अशा दिवसांत मुलांना मैदानावर धाडणे शहाणपणाचे नसते. मग घरोघर एक प्रश्न निघतो : टेलिव्हिजनला जोडून सर्वांनी मिळून खेळावयाचे यंत्र, म्हणजे व्हिडिओ गेम कन्सोल, विकत घ्यावे की न घ्यावे?

हे यंत्र प्रारंभापासून बैठकीच्या खोलीसाठीच घडविले गेले. राल्फ बेअर या अभियंत्याच्या कल्पनेतून निघालेले ‘ओडिसी’ हे अशा प्रकारचे पहिले यंत्र 1972 साली अमेरिकेत विक्रीस आले. ते पडद्यावर प्रकाशाचे काही ठिपके व एक रेघ तेवढी उमटवीत असे. मैदानाचे चित्र असलेला पारदर्शक प्लॅस्टिकचा ताव पडद्यावर चिकटवावा लागे आणि गुण वहीत मांडावे लागत. जपानमध्ये 1983 साली निघालेल्या यंत्राचे तर नावच ‘फॅमिली कॉम्प्युटर’ होते, व त्याला दोघांनी खेळावे म्हणून दोन नियंत्रक कायमचे जोडलेले असत. पुढे 2006 साली ‘वी’ हे यंत्र आले. त्याच्या नियंत्रकात सिलिकनचा एक अतिसूक्ष्म भार लवचीक आधारांवर तोललेला असतो. हात हलला की तो किंचित सरकतो, विद्युत्-धारकता बदलते, आणि त्यावरून हाताची गती ओळखली जाते. रॅकेट फिरविल्यासारखा हात फिरविला की पडद्यावरचा खेळाडू चेंडू टोलवितो. आजीही खेळू शकेल असे हे यंत्र होते, आणि खरोखरच अनेक घरांत आजी खेळल्या.

विक्रेते येथेच एक पाऊल पुढे जातात व सांगतात की, हा व्यायामच होय. हे म्हणणे मात्र टिकत नाही. लिव्हरपूल येथील संशोधकांनी 2007 साली 13 ते 15 वर्षे वयाच्या 11 मुलामुलींचा ऊर्जाव्यय मोजला. बसून खेळण्यापेक्षा हालचालीच्या खेळात तो अधिक भरला, परंतु खऱ्या खेळाची बरोबरी त्यास करता आली नाही. अमेरिकेत ह्यूस्टन येथे 2012 साली प्रसिद्ध झालेला प्रयोग अधिक बोलका आहे. काही मुलांना हालचालीचे व काहींना बैठे खेळ देऊन सुमारे तीन महिने त्यांच्या शरीराची हालचाल मोजली गेली. दोहोंत फरक आढळला नाही. शिवाय दिल्लीच्या घरात आणखी एक अडचण आहे. अतिसूक्ष्म धूलिकण दारे-खिडक्या लावल्याने पूर्णपणे अडत नाहीत, आणि उड्या मारणारे मूल अधिक हवा आत ओढते.

डोळ्यांचा प्रश्न याहून गंभीर आहे. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील नेत्रतज्ज्ञांनी शहरातील 9,884 शालेय मुलांची तपासणी करून 2015 साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. 13.1 टक्के मुलांना लांबचे अंधुक दिसत होते. दीर्घकाळ वाचन, दोन तासांहून अधिक टेलिव्हिजन आणि व्हिडिओ खेळ यांच्याशी या दोषाचा संबंध आढळला. जी मुले रोज दोन तासांहून अधिक काळ घराबाहेर असत, त्यांच्यांत तो कमी होता. उघड्यावरचा प्रकाश खोलीतल्या प्रकाशाच्या कित्येक पट तीव्र असतो, आणि तो नेत्रगोलाची अवाजवी वाढ रोखतो असे मानले जाते. म्हणजे दिल्लीच्या मुलापुढे मोठा विचित्र पेच आहे : फुप्फुसांसाठी आत राहावे आणि डोळ्यांसाठी बाहेर जावे.

तेव्हा यंत्र चांगले की वाईट, ही चर्चा व्यर्थ होय. ते दिवसाचा कोणता तास घेणार, हे विचारले पाहिजे. धुरकट दुपारी मूल पुष्कळदा काही पुस्तक घेऊन बसत नाही. ते कोपऱ्यात मोबाइल डोळ्यांपाशी धरून एकटेच बसते. त्याच्या जागी आठ फुटांवरचा पडदा, शेजारी बहीण, आणि पाळी येईपर्यंत थांबण्याची सक्ती आली, तर घराने सौदा चांगला केला. पण तेच यंत्र फेब्रुवारीतल्या स्वच्छ सायंकाळचे क्रिकेट गिळू लागले तर तो तोट्याचा व्यवहार आहे. ज्या घरात वडीलधाऱ्यांना मुलांबरोबर खेळावयास सवड नाही, त्या घराने ते घेऊ नये हे बरे. कारण मग ते केवळ मोठ्या पडद्याचा मोबाइल ठरते.

घेण्याचे ठरलेच तर नेहरू प्लेस किंवा पालिका बाजार येथे जाण्यापूर्वी थोडा हिशेब करावा. यंत्राची किंमत ही खर्चाची सुरुवात असते. दुसरा नियंत्रक आणि प्रत्येक नवा खेळ यांचे पैसे निराळे पडतात. व्यापाऱ्याने परस्पर आयात केलेले यंत्र बिघडल्यास दुरुस्तीची हमी कोणाची, हे पावतीवर लिहून घ्यावे. खेळाच्या वेष्टनावर युरोपीय पद्धतीने 3, 7, 12, 16 किंवा 18 हा आकडा असतो. तो वयाची योग्यता दाखवितो. खेळ सोपा की कठीण, हे त्यावरून कळत नाही. यंत्र मुलांच्या खोलीत न ठेवता बैठकीत ठेवावे. हवा निवळली की त्याच्या तारा गुंडाळून ते कपाटात टाकावे. मे महिन्यात लू वाहू लागली की भर दुपारी पुन्हा काढता येईल.