मेंदूसंशोधन आणि आठ नावांची यादी

भाची नांदेडला प्राणिशास्त्रात एम.एस्सी. करते. परवा मी इंदिरानगर मेट्रो स्टेशनचा जिना उतरत होतो, तेव्हा तिचा फोन आला. "मामा, आजीचे हात का थरथरतात यावरच मला पीएच.डी. करायचीय. बंगळुरूत होईल का?" माझ्या आईला कंपवात आहे.

इथे जीकेव्हीकेच्या आवारात एनसीबीएस ही संस्था आहे. तिथे वत्सला तिरुमलै यांचा गट झेब्राफिशच्या पिल्लांवर काम करतो. पिल्लं जवळपास पारदर्शक असतात, त्यामुळे हालचाल होताना लहान मेंदूतल्या पेशी काय करतात ते जिवंत माशात पाहता येतं. काम मोलाचं आहे. माझी तक्रार त्यांच्याबद्दल नाही, तिथवर नेणाऱ्या शिडीबद्दल आहे.

पीएच.डी.ला पाच-सहा वर्षं, मग बहुतेकदा परदेशात पोस्टडॉक, मग प्राध्यापकीचा अर्ज. म्हणजे पस्तिशीपर्यंत घरी पैसे पाठवायचे नाहीत. हे कोणाच्या घराला परवडतं? केंद्राची राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्ती पदव्युत्तर आणि पीएच.डी.पुरती आहे. पोस्टडॉकला कामी येतात ओळखी आणि शिफारसपत्रं, आणि त्या आमच्या वस्तीत वारशाने मिळत नाहीत. बार्टीच्या फेलोशिपसाठी तर आपल्या संशोधकांना आझाद मैदानात धरणं धरावं लागलं.

एवढं करून शेवटच्या पायरीवर पोचलं, की कायदाच आडवा येतो. २००६ च्या केंद्रीय शैक्षणिक संस्था प्रवेश आरक्षण कायद्याला एक अनुसूची जोडलेली आहे. तिच्यातल्या आठ संस्थांना आरक्षण लागू नाही. २०१९ चा शिक्षकभरतीचा कायदा आला, त्यातही तीच पळवाट ठेवली. यादीत मानेसरचं राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्र आहे, बंगळुरूचं जवाहरलाल नेहरू केंद्र आहे, मुंबईची टीआयएफआर आहे. एनसीबीएस हे टीआयएफआरचंच केंद्र. कारण काय, तर 'उत्कृष्टता'. सरकारी पैशावर चालणाऱ्या मेंदूच्या संस्थेत आमचा मेंदू आला की उत्कृष्टता कमी होते, असं संसदेने दोनदा लिहून दिलंय. (याला मेरिट म्हणणारे माझ्या ऑफिसात रोज जेवायला शेजारी बसतात.)

अनुसूची रद्द करा, ही मागणी आपल्या विद्यार्थी संघटनांनी फेलोशिपच्या मागणीइतक्याच जोराने लावून धरायला हवी. फेलोशिप मिळून पीएच.डी. झालेली पोरं पुढे जाणार कुठे?

भाचीला सगळं सांगितलं. आयआयएस्सीतही न्यूरोसायन्सचं केंद्र आहे, तिथे प्रवेशात आरक्षण आहे. दोन्हीकडे अर्ज भर म्हणालो. राहायला माझी खोली आहेच.